अभिप्रायाचे फॉर्म भरून घेतो, पण पुढे त्यांचं करायचं काय?

प्रश्न (प्राध्यापिका, मराठवाडा):
नमस्कार. जूनपासून आमच्या महाविद्यालयाच्या आयक्यूएसीचं (अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचं) काम माझ्याकडे आलंय. नॅकचे (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचे) सातही निकष पाठ झाले, एक्यूएआर म्हणजे तिला पाठवायचा वार्षिक गुणवत्ता अहवालही वेळेत गेला. पण विद्यार्थ्यांचे अभिप्राय आम्ही सत्राच्या शेवटी घेतो, सरासरी काढतो, आलेख फाइलला लावतो. तोवर ती मुलं पुढच्या वर्गात गेलेली असतात. यातून शिकवणं सुधारायचं कसं? कुणी स्वतः करून पाहिलंय का?

उत्तर १ (अधिव्याख्याता, तंत्रनिकेतन):
मॅडम, मी अकरा वर्षं भोसरीत एका कारखान्यात क्वालिटीला होतो, मग शिकवायला आलो. गुणवत्ता व्यवस्थापनाचे अमेरिकन तज्ज्ञ डेमिंग यांच्या चौदा मुद्द्यांपैकी तिसरा तिथे रोज समोर असायचा: गुणवत्ता शेवटच्या तपासणीवर सोडू नका. इथे पाहतो तर सगळी तपासणी शेवटीच! मुलं म्हणजे जॉब (यंत्रावर घडवायचे सुटे भाग) नव्हेत, पण माझं शिकवणं ही प्रक्रियाच आहे आणि ती चालू असतानाच तपासता येते.

मी शुक्रवारी तासाची शेवटची पाच मिनिटं राखतो. अर्धा कागद, नाव लिहायचं नाही, प्रश्न एकच: या आठवड्यात कुठे अडलं? पहिल्याच वेळी ५८ पैकी ३४ जणांनी लिहिलं, स्ट्रेसच्या (बल भागिले क्षेत्रफळ) गणिताचं उत्तर जुळत नाही. सूत्र कळलं नाही असं समजून मी तेच तीनदा शिकवलं होतं. वह्या उघडल्या, तर चौरस मिलिमीटरचे चौरस मीटर करताना मुलं हजारानं भागत होती, दहा लाखांनी नाही. सोमवारी वर्गात जमिनीवर खडूनं एक मीटरचा चौरस आखला, कोपऱ्यात बारीक ठिपका दिला आणि विचारलं, असे किती मावतील? हिशोब मुलांनीच केला.

उत्तर २ (जिल्हा परिषद शिक्षिका):
सरांचं पटलं. फक्त ते कागद वर पाठवू नका. आमच्याकडे एकदा त्यावरून शिक्षकांची क्रमवारी लावली. पुढच्या खेपेला सगळ्या कागदांवर 'सर्व समजले'! डेमिंग यांचा आठवा मुद्दा भीती घालवण्याचाच आहे ना?

प्रश्नकर्ती:
दोघांचे मनापासून आभार. माझा विषय बी.कॉम. प्रथम वर्षाचं अकाउंट्स. मुलं घसाऱ्याच्या (वापरानं मालमत्तेची किंमत घटते त्याच्या) नोंदींपाशी अडतात, असं मी धरून चाललेय. या शुक्रवारी कागद वाटते, काय निघालं ते सोमवारी इथेच लिहीन.