टाळू : डोक्यावरची की तोंडातली?

गेल्या महिन्यात भावाला मुलगी झाली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "बाळाची टाळू दुभंगलेली आहे." आजीनं ऐकलं मात्र, घाबरून आधी बाळाच्या माथ्यावर हात ठेवला. टाळू म्हणजे जिच्यावर रोज तेल घालायचं ती, एवढंच तिला ठाऊक. बाळाच्या नाकातून दूध का येतंय ते डॉक्टरांनी तोंड उघडून दाखवलं, तेव्हा कुठे उलगडा झाला.

तर प्रश्न असा, की दोन्हींना एकच शब्द कसा? तुमच्याकडे तोंडातल्या टाळूला काही वेगळं म्हणतात का? आणि शेजारच्या काकू म्हणाल्या, "अशी मुलं बोबडी बोलतात." बोबडी हा शब्द इथे बरोबर आहे का?

प्रतिसाद :
ताई, मी वाचाउपचार करते. संस्कृतात 'तालु' म्हणजे तोंडाचं छत. शाळेत शिकलेले तालव्य वर्ण त्यावरूनच आले. मराठीत माथ्यावरचा मऊ भागही टाळूच झाला. 'मढ्याच्या टाळूवरचं लोणी' म्हणतो ती हीच. मी आयांना सांगते, "जीभ वर उचलली की जिथे टेकते, ती टाळू." मग गोंधळ होत नाही.

'बोबडं' मात्र इथे चूक आहे, आणि ही चूक महागात पडते. बोबडं म्हणजे 'काका'ला 'ताता' म्हणणारं, वयाबरोबर सुधारणारं बोलणं. लोक तेच समजून "होईल मोठेपणी नीट" म्हणत थांबतात. इथे अडचण हवेची आहे. प, ब, त, द, क म्हणताना टाळूचा मागचा मऊ भाग, जिथे पडजीभ लोंबते तो, वर उचलला जाऊन नाकाची वाट बंद करतो. वाट बंद झाली नाही की हवा तोंडात कोंडत नाही, मग 'बाबा'चं 'मामा' होतं आणि 'दादा'चं 'नाना'. सर्दीत नेमकं उलटं, 'मामा'चं 'बाबा'! आपण मात्र दोघांनाही "नाकात बोलतो" म्हणतो. मूल मोठं झालं की नाकाखाली छोटा आरसा धरून 'पापा, बाबा' म्हणायला लावा. आरशावर वाफ धरली तर हवा नाकातून निसटतेय.

या बोलण्याला जुना मराठी शब्द आहे, 'गेंगाणं'. अर्थानं अगदी नेमका, पण हिणवून हिणवून तो इतका टोचरा झालाय की मुलासमोर मी तो कधीच काढत नाही.

प्रतिसाद :
जबड्याचं दुखणं माझं स्वतःचं. खालचा जबडा इतका पुढे होता की खालचे दात वरच्या दातांच्या बाहेर यायचे. 'स' म्हटला की फसफसायचा, 'चमचा'तला च धड निघायचा नाही. वर्गात 'बोबड्या' हेच नाव पडलं. "याचा आवाज खराब आहे" म्हणून गाण्याच्या कार्यक्रमातून वगळलं, ते आजही सलतं. सूर माझा पक्का होता! आवाज गळ्यातल्या स्वरयंत्रात तयार होतो, उच्चार तोंडात घडतो. हे दोन शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. जबड्याची वाढ थांबल्यावर, विसाव्या वर्षी ऑपरेशन झालं. आवाज होता तसाच राहिला, 'स' सुधारला.

आणखी एक. दात पडल्यावर आजोबांचाही 'स' असाच जातो. त्यावर आपण "तोंडाचं बोळकं झालं" म्हणतो, किती मायेनं! ती माया पोराच्या वाट्याला का नाही?

मूळ लेखिका :
दोघांचेही आभार. 'बोबडी' घरातून हद्दपार केला आहे. सध्या 'माथ्यावरची टाळू' आणि 'तोंडातली टाळू' असं बोलतो. ऑपरेशन साधारण वर्षाच्या आसपास करू, असं डॉक्टर म्हणालेत. आजीनं ते ऐकून बोटांवर महिने मोजले आणि म्हणाली, "म्हणजे दोन्ही टाळू एकदमच भरतील की."