शेजाऱ्याची सिगारेट, आमचं घर

डक्टशेजारी
परळला पुनर्विकास झालेल्या इमारतीत अकराव्या मजल्यावर राहतो. जागा चारशे चौरस फूट. चाळीत कोण काय ओढतंय ते दिसायचं तरी, इथे नुसता वास येतो. दहाव्या मजल्यावरचे काका रोज सकाळी संडासात सिगारेट ओढतात. धूर डक्टमधून आमच्या बाथरूममध्ये आणि तिथून घरभर. लेक सात महिन्यांची आहे. खाली जाऊन हात जोडून सांगितलं, तर काका म्हणाले, "माझ्या घरात मी काय करायचं ते तू सांगणार?" सेक्रेटरींनीही हात वर केले. घर त्यांचं, कबूल. पण धूर त्यांच्या घरात थांबत नाही त्याचं काय? माझं काही चुकतंय का?

अर्धा कटिंग
मी ओढतो, त्यामुळे शिव्या खायच्या तयारीनेच लिहितोय. ऑफिसात बंदी, लोकलमध्ये बंदी, हॉटेलात बंदी. 2 ऑक्टोबर 2008 पासून आम्ही निमूट टपरीवर जातो. आता स्वतःच्या संडासातही नाही? मग काय दादरच्या चौपाटीवर कमरेइतक्या पाण्यात उभं राहून ओढायची? आणि परळला राहून धुराची तक्रार! खाली दिवसभर गाड्या, समोर टॉवरचं बांधकाम. त्यात काकांची एक सिगारेट ती काय.

रात्रपाळी
गाड्यांचा धूर आहे म्हणून घरात आणखी एक धूर घ्यायचा, हा हिशोब मला कळला नाही.
ओढणारा झुरका घेतो तो फिल्टरमधून. शेजारच्याच्या वाट्याला मुख्यतः येतो तो जळत्या टोकाचा धूर. दोन झुरक्यांच्या मध्ये तंबाखू कमी तापमानावर धुमसते, त्यामुळे त्या धुरात कितीतरी विषारी द्रव्यं उलट जास्त असतात. एकूण रसायनं 7000 च्या वर, त्यातली सत्तरएक कर्करोगाला कारण ठरणारी. जपानमध्ये संशोधक हिरायामा यांनी 1981 साली दाखवलं की स्वतः कधीही न ओढणाऱ्या, पण नवरा ओढणारा असलेल्या बायकांना फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका जास्त होता. तान्ह्या बाळांमध्ये न्यूमोनिया, कानाचे आजार, झोपेत अचानक मृत्यू, या सगळ्यांशी या धुराचा संबंध सिद्ध झालाय.

माहीमचा बोका
त्या जपानी बायका वर्षानुवर्षं त्याच घरात, त्याच धुरात होत्या. डक्टमधून येणारी झुळूक आणि ते एकाच मापात कसं मोजता? दुसरं, 2016-17 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रात ओढणारे चार टक्क्यांहून कमी निघाले, तंबाखू-मशेरी-मावा खाणारे मात्र चोवीसच्या आसपास. ज्याचा वास येत नाही त्यावर कोणी धागा काढत नाही!

रात्रपाळी
कर्करोगापुरता मात्रेचा मुद्दा बरोबर आहे, मानतो. हृदयाचं गणित वेगळं आहे. रक्त चिकट होणं, रक्तवाहिन्या आकसणं हे थोड्या धुरातही लगेच सुरू होतं. म्हणून तर दुसऱ्याच्या धुराने हृदयविकाराचा धोका 25 ते 30 टक्के वाढतो. मशेरीचा धागा जरूर काढा, मी येतो. पण मशेरी वरच्या मजल्यावर चढत नाही.

सांडगी मिरची
आमची काळाचौकीची दहा बाय बाराची खोली. बाबा बिडी ओढायचे, आई स्टोव्हपाशी, आम्ही तिघं भावंडं अभ्यासाला. पण गावाहून आजोबा आले की बाबा गॅलरीच्या टोकाला, जिन्यापाशी जायचे. वडिलांसमोर ओढायची नाही! म्हणजे जाता येत होतं. मान राखायला जात होते, आमच्या खोकल्यासाठी कधी गेले नाहीत. आज वाईट वाटतं ते एवढंच. (बाबांवर राग नाही हो. तेव्हा कोणाला काय माहीत होतं.)

स्टॅम्पपेपर
कायद्याचं बोलतो. 2003 च्या तंबाखू नियंत्रण कायद्यातली धूम्रपानबंदी सार्वजनिक जागांपुरती. दंड 200 रुपयांपर्यंत. स्वतःचं घर त्यात येत नाही. त्याआधी 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला मनाई केली, ती याचिका आपल्या मुंबईच्याच मुरली देवरांची. मुद्दा तेव्हाही न ओढणाऱ्याच्या जिवाचाच होता, पण तो उंबऱ्याच्या आत आला नाही.
तेव्हा घरापुरतं एक करा: खिडक्या बंद ठेवून स्वयंपाकघरातली चिमणी चालवू नका. घरातली हवा बाहेर फेकली जाते आणि तिची जागा भरायला डक्टमधली हवा आत ओढली जाते. एक्झॉस्टला उलटी हवा अडवणारी झडप बसवा. धूर पूर्ण थांबणार नाही, कमी होईल.

डक्टशेजारी
झडप बसवतो. एक नवीन कळलं. काल लिफ्टमध्ये काकू भेटल्या. काका आधी हॉलमध्येच ओढायचे. घरात पाच वर्षांचा नातू आहे, त्याला त्रास नको म्हणून सुनेने त्यांना संडासात पाठवलंय.

माहीमचा बोका
हाहाहा. घ्या!

अर्धा कटिंग
हे मात्र काकांचं चुकलं. नातवाला लागतो तो धूर तुमच्या लेकीला लागत नाही होय? पण सुनेने हॉलमधून काढलं, तुम्ही संडासातून काढणार. सत्तरीचा माणूस जाणार कुठे?

डक्टशेजारी
गच्चीवर. लिफ्ट आहे. किल्ली सेक्रेटरींकडे असते, उद्या तीच मागणार आहे, काकांना बरोबर घेऊन.