नाटकातलं अर्धं वाक्य वर्गात शिकवावं का?

धागाकर्ती: अकरावीच्या वर्गात विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकातला एक प्रवेश वाचून घेतला. मुलांनी अपुऱ्या वाक्यांपुढची टिंबं (…) सरळ गिळली. एकीने विचारलं, "मॅडम, इथे छापायचं काही राहिलंय का?"

मला हा प्रश्न फार मोलाचा वाटला. अपुरं वाक्य ओळखायला मुद्दाम शिकवायला हवं, आणि ते बोलणाऱ्याने सोडलं की दुसऱ्याने तोडलं, हेही. नाटकातले काशीकर बायकोला बोलूच देत नाहीत, ते तोडलेलं. पहिल्या अंकात नायिका बेणारे सामंतांशी स्वतःबद्दल बोलू लागते आणि मध्येच विषय बदलते, ते सोडलेलं.

एक पालक: विरोध. माझ्या मुलीच्या वहीत तीन वेगवेगळ्या संवादांखाली एकच उत्तर आहे: 'टिंबे म्हणजे पात्राच्या मनातील घालमेल.' तुम्ही शिकवाल मनापासून, पण वहीत शेवटी हेच उतरणार.

जुना वाचक: माझाही विरोध, कारण वेगळं. "अगं, ते हे आणलंस का?" असं आपण घरात दिवसभर बोलतो. तेंडुलकर पत्रकार होते, माणसं बोलतात तसं त्यांनी लिहिलं. प्रत्येक टिंबात अर्थ शोधायला लावलं तर मुलं नाटक वाचणंच सोडतील.

हौशी दिग्दर्शक: ओळखून काय होणार, बोलून बघू द्या. तोडलेल्या वाक्यावर नवखा नट टिंबांपाशी थांबतो आणि समोरच्याची वाट बघतो. तिथेच प्रवेश पडतो. पुढचे चार शब्द त्याच्या तोंडात तयार हवेत, म्हणजे समोरच्याला खरंच तोडावं लागतं. आणि सोडलेलं असेल तर उरलेलं मनात म्हणायचं. "मी तुला सांगणार होते की…" हे एकदा 'मी चाललेय' मनात धरून म्हणा, एकदा 'मला दिवस गेलेत' धरून. 'की'वरचा आवाजच बदलतो.

धागाकर्ती: दिग्दर्शक, हे उद्याच करून बघते. पालकांचं दुखणं खरं आहे, तसल्या वह्या मीही तपासल्यात. पण जुना वाचक, नुसतं बोलण्यासारखं लिहायचं असतं तर बेणारेचं शेवटचं स्वगत असं सलग का असतं? लुटुपुटीच्या खटल्यात सगळे तिच्यावर बोलत असतात, ती गप्प. मग बाकीची पात्रं थिजतात आणि ती भरभरून बोलते. १९६७ च्या प्रयोगात ही भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली होती. तिचं सलग बोलणं येतं ते ऐकणारं कुणी नसतं तेव्हा. आधीची गप्प राहिलेली जागा ज्याला दिसली नाही, त्याला ते नुसतं लांबलचक भाषण वाटतं.

जुना वाचक: स्वगताचं मान्य. घरगुती "ते हे" मात्र सोडा त्यांना.

एक पालक: आणि पेपरात काय विचारणार?