मुंबई-न्यूयॉर्क : थेट विमान की दुबईला उतरून? मदत हवी आहे

आई-बाबा (दोघंही सत्तरी ओलांडलेले) उन्हाळ्यात ताईकडे न्यू जर्सीला जाणार आहेत. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर साधारण १२,५०० किमी. थेट विमानाला १६ तासांच्या आसपास लागतात. दुबईमार्गे गेलं तर आधी तीन तास, मग चौदा. अंतर जेमतेम चारशे किमीने वाढतं, वेळ मात्र दुबईत किती थांबावं लागेल त्यावर. मध्ये पाय मोकळे होतील म्हणून बाबांना हा पर्याय आवडलाय. आईला तिथलं मैलभर चालणं नको वाटतंय, आणि व्हीलचेअर मागायला ती तयार नाही!

वयस्कर मंडळींना पाठवलेल्यांनी सांगा, कुठलं सोसलं?

दुसरं, बाबांची मधुमेहाची गोळी सकाळ-संध्याकाळ असते. रात्री दीडला निघून तिथल्या सकाळी आठला पोचतात, म्हणजे कागदावर साडेसहा तास, कारण उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे. डॉक्टरांना विचारणारच आहोत, पण विमानात जेवण आणि गोळीची वेळ तुम्ही कशी जुळवली?

परतीचा प्रवास वाऱ्याच्या साथीने दीड-दोन तास कमी असतो, त्याची चिंता नाही.