पट्टी उतरवा, पण गाणं खरं गा

‘साठी उलटली की रॉक बँडने गाशा गुंडाळावा’ असं एक मत ऐकू येतं, ते मला सरसकट पटत नाही. आवाज उतरतो, मान्य. म्हणून बरेच बँड गिटारी अर्धा सूर खाली लावतात, वरच्या जागा कोरसवाल्यांवर सोपवतात. त्यात लाजायचं काय? आधी रेकॉर्ड केलेल्या आवाजावर नुसते ओठ हलवणं ही मात्र शुद्ध फसवणूक.

जेनेसिस या ब्रिटिश रॉक बँडचा मार्च २०२२ मधला लंडनचा शेवटचा कार्यक्रम आठवा. त्यांचा गायक फिल कॉलिन्स खुर्चीत बसून गायला. एके काळी ड्रम बडवणाऱ्या हातांत आता स्टिक नीट धरायचंही बळ नव्हतं. मागे ड्रमवर होता त्याचा मुलगा निक. आवाज थकलेला, पण लपवाछपवी नाही. ५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅममध्ये हेवी मेटल गायक ऑझी ऑस्बॉर्न तर सिंहासनावर बसूनच गायला, पार्किन्सन्सच्या आजाराने चालणं बंद झालेलं. सूर डळमळत होता, तरी लोक रडत होते. सतरा दिवसांनी तो गेला.

उलट आपला गायक स्टीव्हन टायलर याचा गळा पूर्ण बरा होणार नाही हे कळल्यावर एरोस्मिथ या अमेरिकी रॉक बँडने २०२४ मध्ये दौरे थांबवले. तेही योग्यच. (रोलिंग स्टोन्स बँडचा गायक मिक जॅगर याचा दाखला कृपया नको. ऐंशी पूर्ण झाल्यावर अख्खा दौरा नाचत करणारा माणूस नियमात बसत नाही.)

माझा राग आहे तो दर दोन-तीन वर्षांनी ‘अखेरचा दौरा’ म्हणत तिकिटं खपवणाऱ्यांवर. निरोप घ्या ना, पण एकदाच.