मदत हवी आहे : मार्चमध्ये ट्राउट मासा वर येईना, फ्लाय (गळावरचा नकली किडा) कोणती बांधू?

अटकेपार :
शनिवारी परत जायचंय, म्हणून घाईत विचारतोय. स्क्वाला (या दिवसांत नदीकाठी निघणारा किडा) सुरू झाल्याचं सगळे सांगताहेत. दुकानातून ऑलिव्ह रंगाच्या स्क्वाला ड्राय (पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लाय) आणल्या, ८ आणि १० नंबरच्या (नंबर वाढला की फ्लाय बारीक). काठच्या दगडांवर खरे किडे फिरताना पाहिलेत, म्हणजे फ्लाय बरोबर आहे. तरी वर एक मासा येत नाही. ड्रिफ्ट चांगला पडतोय, फ्लाय प्रवाहाबरोबर वाहते, फरफटत नाही. रंग बदलू, नंबर बदलू की टिपेट (दोरीचा फ्लायकडचा शेवटचा तुकडा) बारीक करू? सध्या ४एक्स आहे. मासेमारीला धीर लागतो हे माहीत आहे, ते सोडून सांगा.

सह्यकडा :
नदी कुठली?

मिझूलाकर :
मोंटानातली बिटररूट असेल तर रंग बदलायची काही गरज नाही. इथे मार्चच्या मध्यापासून लोक स्क्वालासाठीच येतात. फ्लाय पाण्यात खोल बसणारी हवी, उंच तरंगणारी नको. मासा खऱ्या किड्याचं पोट पाण्याला टेकलेलं बघतो.

डेन्व्हरकर :
मार्चमध्ये ड्राय बांधणं म्हणजे वेळ घालवणं. २२ नंबरची मिज (चिलटाएवढी, पाण्याखाली बुडणारी फ्लाय), ६एक्स म्हणजे आणखी बारीक टिपेट, वर छोटा इंडिकेटर (तरंगता बोया). कोलोरॅडोतल्या साउथ प्लॅट नदीवर चीझमन कॅन्यनमध्ये मी हिवाळाभर एवढ्यावरच मासे धरतो. मोठ्या फ्लाय विकून दुकानदारांचं भलं होतं, बाकी काही नाही.

अटकेपार :
नदी याकिमा, वॉशिंग्टन राज्यातली. सिअ‍ॅटलहून एका दिवसात जाऊन येण्यासारखी वर्षभर उघडी ट्राउटची नदी दुसरी कुठली आहे? मिज नको, स्क्वालाचंच सांगा.

सह्यकडा :
खाली कॅन्यनमध्ये की वर क्ले एलम गावाच्या बाजूला? उमटॅनमच्या गेजवर (प्रवाह मोजायच्या केंद्रावर) किती क्युसेक होतं, चढत होतं की उतरत होतं? किती वाजता होतात? पाण्याचं तापमान?

अटकेपार :
कॅन्यन, ८२१ नंबरच्या रस्त्याने. उजाडताच पोचतो आणि ११ ला निघतो, कारण दुपारी मुलीचा तबल्याचा क्लास असतो. क्युसेक बघितलं नाही. पाणी भरलेलं होतं, चहासारखा रंग, गुडघाभर पाण्यात बूट पुसट दिसत होते. तापमान कोण मोजतं?

सह्यकडा :
आता कळलं. दोष फ्लायचा नाही, वेळेचा आहे.

स्क्वाला मेफ्लायसारखी (मेफ्लाय हा नदीतला दुसरा किडा) पाण्याच्या पृष्ठभागावर कात टाकून उडत नाही. तिची निम्फ (पंख फुटण्याआधीची, पाण्यातली अवस्था) तळावरून चालत काठाला येते, दगडावर चढते आणि तिथे कात टाकते. दगड उलटून बघा, रिकामी कात चिकटलेली सापडेल, पाठीवर मधोमध उभी चीर असते. नराचे पंख आखूड असतात, त्याला उडताच येत नाही, तो काठाच्या दगडांतच फिरतो. मादी अंडी घालायला पाण्यावर येते तेव्हाच ती माशाला वर दिसते, आणि ती येते दुपारी, ऊन लागून हवा तापल्यावर. सकाळी दगडांवर कितीही किडे दिसू देत, पाण्यावर एकही नसतो. मग मासा वर कशाला बघेल?

दुसरं तापमान. या दिवसांत पहाटे नदी चाळिशीच्या खाली असते, फॅरनहाइट म्हणतोय. इतक्या गार पाण्यात ट्राउट तळाशी पडून राहतो, कारण त्याची पचनशक्तीच मंदावलेली असते. ४२-४३ च्या पुढे पाणी गेलं की हलायला लागतो. आकड्याइतकाच चढही महत्त्वाचा: ४० वरून ४३ कडे जाणारं पाणी मला ४५ वरून ४२ ला घसरणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त आवडतं. दहा-बारा डॉलरचा थर्मामीटर घ्या, दोरीने वेडर्सला (पाण्यात उतरायच्या जलरोधक विजारीला) बांधा, एक मिनिट पाण्यात धरा. माझ्या मते तुमच्या रॉडपेक्षा तो जास्त कामाचा आहे.

जायचं असेल तर १ ते ५ या वेळात जा.

डेन्व्हरकर :
एवढं सगळं मान्य, पण मासा तळाशी आहे हे तुम्हीच सांगताय. मग तळाशीच द्या ना त्याला. मिज.

सह्यकडा :
चीझमनचं पाणी धरणातून सुटतं, म्हणून ते स्वच्छ आणि जवळपास एका तापमानाचं राहतं. तिथे २२ नंबरची मिज माशाला दिसते. चहाच्या रंगाच्या पाण्यात कशी दिसणार? याकिमाच्या वर कीचेलस, कचेस, क्ले एलम ही धरणं आहेत, पण वसंतात ती उन्हाळ्याच्या सिंचनासाठी पाणी साठवत असतात. कॅन्यनमध्ये गढूळपणा येतो तो टिनेवे, स्वॉक, विल्सन या मोकळ्या उपनद्यांतून, खालच्या टेकड्यांवरचा बर्फ वितळला की किंवा त्यावर पाऊस पडला की. नदीनदीत फरक असतो. एका नदीचा नुस्खा दुसरीवर लावू नये.

मिझूलाकर :
सह्यकडाला अनुमोदन, पण निम्फ (पाण्याखाली बुडणारी, निम्फसारखी फ्लाय) आणि इंडिकेटरपर्यंत जाऊ नका. दुपारी जा आणि ड्रायच टाका, काठापासून हातभर अंतरावर, झुडपाखाली. स्क्वाला खाणारा मासा काठाला चिकटून असतो. नदीच्या मध्यात फेकणारे लोक बघितले की जीव तुटतो.

डेन्व्हरकर :
निम्फ म्हणजे काही पाप नाही. ट्राउटचं बहुतेक खाणं पाण्याखालीच असतं.

खवय्या_नागपूर :
माझा एक प्रश्न. हा ट्राउट म्हणजे आपल्याकडचा कुठला मासा? आणि पकडल्यावर करता काय त्याचं? तळता की रस्सा?

अनुजा_बॉइझी :
@खवय्या, आपल्याकडे मुळात ट्राउट नव्हता. ब्रिटिशांनी काश्मीरच्या नद्यांत ब्राउन आणि निलगिरीत रेनबो जातीचे ट्राउट आणून सोडले. पहलगामला लिद्दरच्या काठी गेलात तर खायलाही मिळेल. पण याकिमावर ईस्टन धरणापासून रोझा धरणापर्यंत ट्राउट पकडून लगेच सोडायचा असा नियम आहे. गळाच्या टोकाला उलटा काटा (बार्ब) चालत नाही, आमिष चालत नाही.

खवय्या_नागपूर :
खायचा नाही तर एवढ्या थंडीत कमरेभर पाण्यात उभं राहायचं कशाला, हे खरंच समजून घ्यायचंय.

अनुजा_बॉइझी :
वेगळा धागा काढा, तिथे मनापासून लिहीन. इथे मला अटकेपार यांना एक महत्त्वाचं सांगायचंय, त्यांनी विचारलेलं नसलं तरी. मार्च ते मे रेनबोचा अंडी घालायचा काळ. उथळ, डोह संपतो त्या ठिकाणी शेवाळाच्या तपकिरी तळात एखादा स्वच्छ, उजळ खडीचा पट्टा दिसला, वरच्या अंगाला खड्डा आणि खालच्या अंगाला छोटा उंचवटा, तर ते माशाचं घरटं समजा. मादीने शेपटीने खडी धुऊन अंडी पुरलेली असतात. त्यावर पाय पडला की सगळी चिरडतात. जोडी दिसली तर तिच्यावर फ्लाय टाकू नका, कितीही मोह झाला तरी. याकिमात संरक्षित स्टीलहेडही (समुद्रात जाऊन परतणारा रेनबो) चढतो, त्याची घरटीही याच दिवसांत असतात. पूल नसेल तिथे नदी ओलांडायची वेळ आली तर आधी तळ बघा.

पुणेरी_पाऊल :
वेडर्स गळत असतील तर एक युक्ती सांगतो. आतली बाजू बाहेर काढून रबिंग अल्कोहोल फवारा. जिथे बारीक छिद्र असेल तिथे काळा ठिपका उमटतो. त्यावर अ‍ॅक्वासील गोंद लावा, रात्रभर वाळू द्या. आणि कमरेचा पट्टा घट्ट बांधा. या पाण्यात पडलात तर वेडर्स भरायला वेळ लागत नाही.

अटकेपार :
वेडर्स कोरडे आहेत. अनुजाताई, घरट्यांचं माहीत नव्हतं, आभार. सह्यकडा, दुपारचं जमवतो, क्लास सकाळी करून घेतलाय. पण पाणी गढूळच असलं तर? आणि ११ च्या आधी काहीच होत नाही का?

सह्यकडा :
सकाळी निम्फ चालते, मिझूलाकरांना नाही आवडलं तरी. स्क्वालाची निम्फ याच दिवसांत तळावरून काठाकडे चालत असते, मासे तिच्यावर टपलेले असतात. ८ नंबरची पॅट्स रबर लेग्ज, तिच्याखाली १६ ची फेझंट टेल, दोन्ही निम्फ फ्लाय. माणूस चालतो त्या वेगाचं, कमरेएवढं खोल पाणी शोधा. खळाळात उभे राहू नका, मार्चचा मासा तिथे नसतो. ऊन चढल्यावर स्क्वाला ड्राय आणि खाली दीड-दोन फुटांवर तीच फेझंट टेल. ढगाळ असेल तर २ च्या सुमाराला ब्लू-विंग्ड ऑलिव्ह (बारीक मेफ्लाय) निघतील, त्यांच्यासारख्या १८ च्या दोन-चार फ्लाय जवळ ठेवा.

गढूळ असेल तर निघायच्या आधी गेज बघा. आलेख चढता असेल तर कॅन्यन सोडा आणि क्ले एलमच्या बाजूला, टिनेवेच्या संगमाच्या वर जा. तिथे पाणी गार असतं, पण टिनेवेचा गाळ नसतो.

पुणेरी_पाऊल :
वॉशिंग्टनचं वार्षिक लायसन्स ३१ मार्चला संपतं हेही लक्षात असू द्या.

अटकेपार :
जाऊन आलो. गेज उतरत होता, म्हणून कॅन्यनमध्येच राहिलो. १२ ला ४१ अंश, ३ ला ४४. दोन रेनबो लागले, मोठा पंधरा इंची, पण दोन्ही फेझंट टेलवर. ड्रायला एकानेही तोंड लावलं नाही. आता तर वेळही बरोबर होती. फ्लाय बदलू का?

मिझूलाकर :
वारा होता? काठ कुठला धरला होता?

अटकेपार :
वारा होता, चांगलाच. रस्त्याच्या बाजूचा काठ, गाडी तिथेच लागते.

मिझूलाकर :
वारा तुमच्या पाठीवर होता की तोंडावर ते सांगा. पाठीवर असेल तर वारा किड्यांना झुडपांतून पाण्यात पाडतो आणि समोरच्या काठाला नेऊन लावतो. त्या काठाला खायला येणारे मासे तुमच्या फ्लायपर्यंत पोचलेच नसतील. उमटॅनमला पायी पूल आहे, पलीकडे जा.

डेन्व्हरकर :
दोन्ही मासे निम्फवर लागले, हे सगळ्यांनी वाचलं ना?