क्री लिपीतला त्रिकोण: एकच अक्षर फिरवून चालेल का?

रावपुरा_डीटीपी:
मंडळी, २१ फेब्रुवारीला मातृभाषा दिनानिमित्त इथे बडोद्यात आमच्या मंडळाचं लिप्यांचं छोटं प्रदर्शन आहे आणि कॅनडातल्या क्री भाषेचा बोर्ड माझ्याकडे आलाय. त्यात स्वरांना त्रिकोण आहेत, टोक खाली असलं की ए, वर असलं की इ, उजवीकडे ओ, डावीकडे आ. आमचे डिझायनर म्हणतायत एकच टाइप कर आणि बाकीचे कोरलमध्ये (डिझाइनचं सॉफ्टवेअर) फिरव, फ्लेक्सवर कोण बघतंय. मला काही ते पटत नाहीये, पीडीएफ वेबसाइटवरही जाणार आहे. चौघांना वेगळे युनिकोड, म्हणजे कॉम्प्युटरमधले अक्षराचे ठरलेले नंबर, आहेत का? आणि आपल्यासारखी मात्रा वेगळी का नाही?

मांडवीकर:
अजिबात फिरवू नका! चारही स्वतंत्र अक्षरं आहेत. हेक्समध्ये (युनिकोडचे नंबर लिहायची १६ च्या पायाची पद्धत) खाली टोकवाला १४०१, वर १४०३, उजवीकडे १४०५, डावीकडे १४०ए.  १४०१ फिरवून इ केलात तर डोळ्यांना इ दिसेल, पण कॉपी-पेस्ट केलं की ए च येणार, सर्चला पण ए च सापडणार. बोर्डावरचं क्री नाव एखाद्या क्री माणसाने शोधलं तर त्याला ते मिळायला नको का?

मात्रेचं म्हणाल तर आपल्या 'कि' मध्ये क आणि वेलांटी असे दोन कोड असतात, क तोच राहतो. तिकडे अक्षराची दिशा हाच स्वर, तो सुटा काढणार कुठून? म्हणून पे, पि, पो, पा अशी अख्खी अक्षरं कोडमध्ये घेतली. १९९९ ला युनिकोड ३.० मध्ये हा ब्लॉक (एका लिपीसाठी राखलेला नंबरांचा गट) आला तेव्हाच ६३० अक्षरं होती, आपला देवनागरीचा मूळ ब्लॉक १२८ जागांचा.

अक्षरवेडा:
+१. आणि वर टोकवाल्याच्या जागी ग्रीक डेल्टा टाकू नका, दिसायला जवळपास तसाच पण त्याचा कोड ०३९४, लिपीच वेगळी. अजून एक, हा ब्लॉक क्री, ओजिब्वे, इनुक्टिटुट अशा बऱ्याच भाषांना मिळून आहे, १४०१ क्रीमध्ये ए वाचतात आणि इनुक्टिटुटमध्ये आय, त्यामुळे बोर्डावर भाषेचं नाव नक्की लिहा. नुनावुतमध्ये (कॅनडाच्या उत्तरेचा, इनुक्टिटुट बोलणारा प्रदेश) आधी प्रोसिल, नुनाकॉम असे युनिकोड नसलेले फॉन्ट चालायचे, आपल्या कृतीदेवसारखीच गत, फॉन्ट नसला की सगळी इंग्रजी अक्षरं.

इतिहासात जेम्स एव्हन्स या मिशनऱ्याचं नाव येईलच, १८४०, कॅनडातलं नॉर्वे हाउस. पण क्री लोकांच्या मौखिक परंपरेत ही लिपी कॉलिंग बॅजर या क्री माणसाला मिळाली असं सांगतात, तेही लिहा प्लीज, लिपी त्यांची आहे.

रावपुरा_डीटीपी:
खूप आभार दोघांचे, कॉलिंग बॅजरचं नक्की घेतो. फॉन्ट कुठला घेऊ? माझ्याकडे नुसते चौकोन येतायत.

मांडवीकर:
नोटो सॅन्स कॅनेडियन ॲबोरिजिनल, फुकट आहे. विंडोजवर गाडुगी किंवा युफेमिया असेल तर तेही चालेल. फ्लेक्सवाला कर्व्ह करून (अक्षरांचे नुसते आकार करून) मागेल, त्याला ती फाइल वेगळी द्या. वेबसाइटच्या पीडीएफला मात्र कर्व्ह करू नका, फॉन्ट एम्बेड करा (फाइलमध्येच घाला) आणि अपलोड करायच्या आधी चारही अक्षरं कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकून बघा.